वारा न शिरणारा तंबू

१८ नोव्हेंबर २०१८, रविवार

भात झोडून झालं. पेंढा यंदा चांगला निघाला, लांब आणि कोरडा.

पहाटे पुन्हा धक्का. आधी जमिनीखालून आवाज येतो, खदाणीत सुरुंग उडावा तसा. मग पत्रे खडखडतात, मग कुत्री सुरू होतात. रोज तेच लिहायचं तर यापुढे नुसतं 'ध.' लिहीन.

आई ओट्यावर पाय सोडून बसली होती. म्हणाली, "कुडाचं घर होतं तवा भ्या नव्हतं. हललं तरी हलून उभं राहायचं." कूड काढून विटांचं घर बांधलं ते मीच, दोन वर्षांपूर्वी, आणि पाड्यात गूळ-खोबरं वाटलं होतं. आता चुलीमागच्या भिंतीत भेग गेलीय. नख जातं आत.

रमिला बाळंतपणाला आलीय. आमची एकच मुलगी, तिचं हे पहिलंच. ध. झाला की सगळे अंगणात पळतात आणि ती भिंत धरून उभी. आज म्हणाली, "बाबा, मला पळता नाय यायचं. मला आधीच बाहेर ठेवा."

२१ नोव्हें., बुध.

ध. दोनदा. सगळा पाडा आता खळ्यात झोपतो. म्हातारी माणसं, पोरं, शेळ्या, सगळी एका ओळीत. थंडी पडू लागलीय. सकाळी गोधड्या दवाने जड झालेल्या असतात.

झाईहून विहीणबाईंचा फोन. "पोरीला इकडं आणून सोडा. आमच्याकडं एवढं हलत नाय. जयेश येईल न्यायला." जावई तिकडे चिकूच्या वाडीत कामाला आहे, सालस मुलगा. मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरीच, आमच्यात तसंच चालत आलंय, मी सगळी सोय करतो. त्या म्हणाल्या, "तुमची मर्जी, व्याही."

फोन ठेवल्यावर बायको, शांती, माझ्याकडे बघत राहिली. मी खळ्यात गोधड्या पसरायला गेलो.

दिवा लावताना हात जोडून म्हटलं, पोरीला आणि तिच्या पोटातल्याला या थंडीतून पार कर. दुसरं काही मागितलं नाही.

२५ नोव्हें., रवि.

तंबू बांधायला घेतला. मी कामाला जातो त्या चिकूच्या वाडीच्या शेठकडे जुनी निळी ताडपत्री पडून होती, ती मागून आणली. बांबू आपल्याच बेटातले. मधे कणा, दोन्हीकडे उतार, आमच्या जुन्या घराचा होता तसा. ताडपत्रीच्या आतून पेंढ्याच्या जुड्या उभ्या बांधल्या, एकमेकींना चिकटवून. मधे बोट घालून बघत गेलो. जिथे बोट गेलं तिथे आणखी एक जुडी. खाली सगळीकडून मातीचा बांध घातला आणि ताडपत्रीची कड त्यात पुरली. दोरीसुद्धा घरीच वळलेली. विकत काही आणावं लागलं नाही.

शेजारचा लाखमादादा वाकून आत डोकावला. "काय रे रघू, हॉटेल काढतंस? चहा केवढ्याला देशील?"

म्हटलं, तुला दुप्पट.

"मग उद्या माझ्या पण हॉटेलला हात लावायला ये. तुझी वहिनी रात्रभर दात वाजवते, मला वाटतं धरणीच हलली."

२८ नोव्हें., बुध.

गोधडीला बसलो, आई आणि मी. जुनी लुगडी, शांतीच्या विरलेल्या साड्या, आत फाटके शर्ट. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मी ओवून द्यायचा, तिने टाका घालायचा. दोन-चार ओळी मीही घातल्या. तिने बोट फिरवून लगेच ओळखलं. "हा तुझा. बैल मुततो तसा चाललाय." उसवायला लावलं.

बाळासाठी दुपटं केलं बाबांच्या धोतराचं. बाबांना जाऊन एवढी वर्षं झाली, धोतर आईने ट्रंकेत तळाशी जपून ठेवलं होतं. कापताना तिने तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मऊ हाय. पोराला टोचणार नाय."

२ डिसें., रवि.

तंबूत खाली गुडघाभर पेंढा, वर गोणपाट, वर शिंदीच्या पानांची चटई. झोपून बघितलं. शेठच्या गादीला असं सुख नसेल.

तरी रात्रीचा वारा जुड्यांमधून कुठून तरी येतोच. लहानपणी शाळेत पतंग चिकटवायचो ते आठवलं. भाताची पेज घट्ट आटवली, वाडीवरून रद्दी आणली आणि आतून सगळीकडे कागद चिकटवले, एकावर एक. वाळल्यावर पत्र्यासारखे ताठ झाले. वारा बंद. रमिला पडल्या पडल्या भिंत वाचते. "बाबा, माझ्या उशाशी सोन्याचं दुकान लावलंत. आणि आजीच्या उशाशी केस गळतीचं औषध." आई म्हणाली, "माझे हायत कुठं गळायला!" खूप दिवसांनी घरात सगळे एकदम हसले.

शांतीने लाडू वळले. नाचणीचं पीठ मंद आचेवर, वास सुटेपर्यंत. खुरसणी, म्हणजे कारळे, भाजून कुटून. गूळ, थोडं सुकं खोबरं. तूप नव्हतं, खुरसणीचं तेल सुटलं त्यातच वळले. काळे दिसतात पण अंगात ऊब धरतात. आधी एक देवाला, मग रमिलाला.

५ डिसें., बुध.

ध. बारीक. लाखमादादाचा तंबू झाला. दुपारी खालच्या पाड्यातली जानीबाई बोलवायला आली, तिच्या सुनेच्या कडेवर तान्हं मूल आहे. तिलाही दाखवलं, जुड्या कशा, पेज कशी, मातीचा बांध कसा. म्हणाली, "तुझ्या हाताला देवानं काहीतरी दिलंय." असं कोणी बोललं की मी खाली बघतो. पण आवडलं. लिहून ठेवतो, आवडलं.

९ डिसें., रवि.

आज हंडी लावली. वालपापडी नवीन, कंद, रताळी, दोन छोटी वांगी. जाडं मीठ, ओवा, हिरवी मिरची-लसूण ठेचून. पाणी घालायचं नाही. वर पानं कोंबून मडकं पालथं घातलं, भोवती पेंढा, गोवऱ्या, आणि आग. झाल्याचा वास पाड्याच्या टोकाला जातो, कोणाला बोलवावं लागत नाही. सगळे आपापली ताटली घेऊन हजर. लाखमादादाने कंद तोंडात टाकला आणि जीभ भाजून नाचला. जानीबाई म्हणे, "हळू, तुझ्या नाचण्यानं ध. होईल." माझा 'ध.' आता सगळ्या पाड्याने घेतलाय.

रमिलाने पोटभर खाल्लं. आईने तिच्यासाठी पापडीतले दाणे सोलून बाजूला काढले होते.

थंडी, धरणी, सगळं होतं. तरी बरं वाटलं. प्रभूची कृपा.

१६ डिसें., रवि.

तलासरीच्या दवाखान्यात रमिला मोकळी झाली. मुलगी. अंगाने अगदी बारीक, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. नर्स म्हणाली, दिवसांच्या आधी आलीय, वजन कमी आहे, ऊब कमी पडू द्यायची नाही, हेच औषध. मी म्हटलं, ती सोय केलीय.

जयेश आला होता. मुलीला हातात घ्यायला घाबरत होता. मी दाखवलं.

१९ डिसें., बुध.

रमिलाला आणि बायला, म्हणजे नातीला, तंबूत आणलं. दवाखान्याची आशाताई मागोमाग आली, आत बसून सगळं बघितलं, म्हणाली, "काका, मस्त केलंय हो. वारा अजिबात नाही." बाळाला छातीशी धरून झोपायचं, टोपडं काढायचं नाही, आणि आत धूर होऊ द्यायचा नाही, बाळाच्या छातीला वाईट. सगळं नीट ऐकून घेतलं.

तंबूत चौघी: रमिला, बाय, शांती, आई. मी खळ्यात, बाप्यांबरोबर.

२२ डिसें., शनि.

बाळंतिणीला शेक हवा. आईचं सकाळपासून तेच. "मी तुला निखाऱ्यावर वाढवला. तुझ्या पोरीला पण. खाटेखाली खापर असायचंच." खरं आहे ते. आमच्या जुन्या घरात बाळंतिणीच्या खाटेखालचं खापर महिनाभर विझत नसे.

पण धूर नको सांगितलंय. मग असं केलं: बाभळीचं लाकूड बाहेर अंगणात पूर्ण जाळायचं, ज्योत आणि धूर संपला की लालबुंद निखारे तेवढे फुटक्या मडक्याच्या खापरात घ्यायचे, वर थोडी राख, आणि आत. खापराशी नाक नेऊन बघितलं. धूर नाही, वास नाही. बाय शांत झोपली. गाल गुलाबी.

लाखमादादा बघून गेला. त्यानेही वहिनीसाठी ठेवलं, आणि जानीबाईनेही सुनेसाठी.

२६ डिसें., बुध.

ध. नाही. शांतीचं सकाळी डोकं जड. रमिलाचंही. सुंठ उगाळून लावली. थंडी बाधली असेल. गवती चहा केला सगळ्यांना.

२९ डिसें., शनि.

गारठा फार वाढला. शेठच्या वाडीत चिकूची पानं आखडली. आई कुडकुडते. म्हणते, दारातून वारा येतो. खरंच येत होता, गोणपाटाच्या कडेने. आणखी एक गोणपाट लावलं, खाली बांबू बांधला, वजनाने ताणून राहील असा. कोपऱ्यात दोन फटी सापडल्या, शेण-माती-भुसा मळून बुजवल्या. आई मागच्या कोपऱ्यात झोपते, तिथे दुप्पट लिंपलं.

बाहेर आल्यावर हात धुताना समाधान वाटलं. आता खरंच वारा नाही.

७ जानेवारी २०१९, सोम.

आई गेली.

लिहायला आज बसलो. परवा, शनिवारी पहाटे मी वाडीवर निघालो होतो. तंबूपाशी आलो तर शांती दारात पडलेली, अर्धी बाहेर, गोणपाट तिच्या अंगाखाली. वाटलं घसरली. डोळे उघडे पण बोलता येईना. उलटी. दार तिच्या अंगामुळे उघडं राहिलं. आत रमिलाला हाक मारली. हूं नाही. बाय तिच्या छातीवर, ओठ

लाखमादादाने जीपवाल्याला उठवलं. बायला मी शर्टाच्या आत घेतलं.

आई मागच्या कोपऱ्यात होती. झोपल्यासारखीच. तिला सगळ्यांत शेवटी हलवलं, कारण ती झोपलीय असंच वाटलं. चेहरा चांगला होता, तरणा. खापर तिच्याजवळच होतं.

८ जाने., मंगळ.

काल पुढे लिहवलं नाही.

तलासरीहून मोठ्या दवाखान्यात नेलं. रमिला दुपारी शुद्धीवर आली. शांती बरी आहे, चालताना तोल जातो. बायला नाकात नळी, काचेच्या पेटीत.

डॉक्टरीणबाई तरुण, रमिलापेक्षा थोडी मोठी. विचारलं, "आत काय जाळलं होतं?"

म्हटलं, काही नाही. निखारे होते. धूर अजिबात नव्हता.

"धुराचा प्रश्न नाही काका. निखाऱ्यातून जे निघतं ते दिसत नाही, त्याला वास नसतो. हवा यायला-जायला जागा होती का?"

"नाही," म्हटलं. "बोट जाईल एवढी पण नव्हती."

तिने मान खाली घालून लिहिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१० जाने., गुरु.

जुन्या घरात कूड होता. कारवीच्या काड्यांमधून उजेड दिसायचा. म्हणून महिनाभर खापर ठेवूनही कोणाला काही होत नसे. हे मला आज बसच्या खिडकीशी बसल्यावर कळलं. आईला माहीत नव्हतं. तिच्या आईलाही नसेल. त्यांना कळायची गरजच पडली नाही.

१३ जाने., रवि.

बायची नळी काढली. दूध पिते, हळू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काही सांगता येणार नाही. मेंदूला प्राणवायू किती वेळ कमी पडला ते माहीत नाही. मान कधी धरते, बसते कधी, उभी कधी राहते, त्यावरून कळेल. काहीच झालेलं नसेल, असंही होतं. लक्ष ठेवा.

रमिलाजवळ बसलो होतो. ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, एवढा चांगला कशाला बांधलात?"

मला

१५ जाने., मंगळ.

संक्रांत झाली. घरात तीळ भाजला नाही. आईचे दिवस केले. माणसं येतात, म्हणतात, "वय झालं होतं रघू. थंडीनं नेली." जानीबाई म्हणाली, "देवानं नातीसाठी आजी घेतली असं समज." लाखमादादा म्हणाला, "म्हातारी सुखानं गेली, झोपेत." सगळे भलेपणाने बोलतात. मी हो म्हटलं असतं तर तेच खरं ठरलं असतं. पाड्याने तसंच धरलं असतं.

पण जानीबाईच्या तंबूत आत्ता, या घडीला, खापर आहे. आणि तो मी बांधलाय.

१६ जाने., बुध.

कोयता घेऊन फिरलो. आधी लाखमादादाकडे. सांगितलं, थंडीने नाही, माझ्या तंबूने गेली. निखाऱ्याने. तो ऐकून घेत होता, मधेच म्हणाला, "धूर नसतो त्याला रे." म्हटलं, नसतो, म्हणूनच. वर आणि खाली, दोन्हीकडे हातभर भोक पाडलं. वहिनी आतून ओरडली, "अवो, थंडी शिरते!" म्हटलं, शिरू द्या.

जानीबाईने दारातच अडवलं. "आधी बुजवायला शिकवलंस, आता फाडायला आलास? माझी सून भिजू दे, पोर गारठू दे, तुझं काय जातं? तुझी आई गेली तर डोकं फिरलं तुझं."

"फिरलं असेल. खापर बाहेर काढ."

"नाय काढायची."

तिची सून आतून बाळाला घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. जानीबाई दारातून बाजूला झाली. मग मी आत जाऊन खापर उचललं. हात पोळला.

१७ जाने., गुरु.

काल पाडलेली भोकं बघायला गेलो. लाखमादादाच्या खालच्या भोकात गोणपाट कोंबलेलं. ओढून काढलं. "अरे, पाय गारठतात!" "आणखी गोधडी घे. माझ्याकडे आहेत." आईने शिवलेल्या दोन दिल्या. एक ठेवली.

देवाजवळ बसलो. काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. नुसता बसलो. दिवा संपेपर्यंत.

२४ जाने., गुरु.

रमिलाला आज सोडलं. विहीणबाई आणि जयेश दवाखान्यात आले होते. रिक्षा तिकडूनच झाईला. विहीणबाई मला टाळून पुढे गेल्या. शांतीच्या हाताला धरून म्हणाल्या, "तुम्ही पण चला चार दिवस." शांती माझ्याकडे न बघता नको म्हणाली. बाय दुपट्यात गुंडाळलेली होती, चेहरा दिसला नाही. जयेशने पाया पडायला हात खाली नेला, मी मागे सरलो.

३ फेब्रु., रवि.

परवा मोठा ध. झाला. दुपारची वेळ, आम्ही अंगणातच होतो. चुलीमागची भिंत आत पडली. जिथे पडली तिथे रमिलाची खाट असायची. विटांखालून चुलीचा तवा बाहेर काढला, वाकडा झालेला.

शांतीने तवा हातात घेतला. मग म्हणाली, "घरात असती तर पोर गेली असती. तंबूनं वाचवली म्हणा."

महिन्यानंतर ती माझ्याशी एवढं लांब बोलली. मला ते घेता आलं असतं. विटा उचलत राहिलो. तिलाही माहीत होतं की ध. झाला तेव्हा दुपार होती, आणि दुपारी खाटेवर कोणी नसायचं.

११ फेब्रु., सोम.

सरकारी तंबू आले. पिवळसर, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. पाड्यातल्या लोकांनी पहिलं काम काय केलं, खिडक्यांत पेंढा कोंबला. कोंबायची पद्धत माझीच. रोज संध्याकाळी फेरी मारतो आणि पेंढा उपसतो. पोरं मला बघून ओरडतात, "पेंढाकाका आला!" आधी राग आला. आता त्यांना सांगितलंय, मी यायच्या आधी तुम्हीच काढून ठेवा, काढेल त्याला लाडू. शांती लाडू वळून देते. कशासाठी ते विचारत नाही, पण वळते.

२० मार्च, बुध.

आज होळी जळेल. रमिलाचा फोन शांतीला. बाय मान धरत नाही अजून. तिच्या मोजणीने तीन महिने झाले. शेजारणीच्या पोराने दोन महिन्यांतच धरली म्हणे. शांतीने फोन माझ्याकडे केला. मी म्हटलं, कशी आहेस. ती म्हणाली, बरी आहे. मागे बाय रडत होती. रडणं नेहमीच्या पोरासारखंच वाटलं. नीट ऐकलं.

१४ एप्रिल, रवि.

महालक्ष्मीची जत्रा येतेय. शांती म्हणाली, नवस बोला. मी म्हटलं, माझ्याकडून नको. मग ती एकटीच बोलली. काय बोलली ते सांगितलं नाही.

६ मे, सोम.

मान धरली! जयेशने मोबाइलवर फोटो पाठवला, वाडीवरच्या मुकादमाच्या फोनवर बघितला. पालथी, डोकं वर. मुकादम म्हणाला, तुझ्यासारखे कान आहेत. उशिरा धरली, पण धरली. संध्याकाळी दिवा लावला आणि वेळेपेक्षा जास्त बसलो.

१९ जुलै, शुक्र.

भाताची आवणी संपली. बायचं नाव आरोही ठेवलंय. आम्ही बायच म्हणतो. ध. पावसात कमी जाणवतात, की आवाजात मिसळतात, कळत नाही.

२ सप्टें., सोम.

गणपती. बाय आधार दिला तर बसते, सोडलं की डावीकडे कलते. झाईच्या डॉक्टरने सांगितलं, कमी दिवसांचं, कमी वजनाचं मूल, उशीर होतोच. इकडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, लक्ष ठेवा. दोघांचंही खरं असणार. कुठलं आमच्या वाट्याचं, तेवढं कळत नाही.

८ ऑक्टो., मंगळ.

दसरा. बसते. आधाराशिवाय. रमिलाने स्वतः मला फोन केला, शांतीला नाही. "बाबा, बसली. खेळणं उचललं डाव्या हातानं." डाव्या हाताने, हे तिने दोनदा सांगितलं. मी विचारलं, दिवाळीला येशील? म्हणाली, "बघते. तिकडं थंडी पडेल." मग लगेच म्हणाली, "तसं नाय, बाबा."

१० नोव्हें., रवि.

रमिला, जयेश आणि बाय आले. दोन दिवस राहणार. त्या जानेवारीनंतर पहिल्यांदाच. पडलेली भिंत आता कुडाची केलीय, कारवी आणि वर पातळ लिंपण, मुद्दाम फटी ठेवून. रमिलाने त्यावरून हात फिरवला. एका फटीत बोट घालून बघितलं.

शांतीने हंडी लावायला सांगितली. मी लावली. लाखमादादा आला, या वेळी कंद फुंकून खाल्ला. जानीबाई तिच्या नातवाला घेऊन आली. तो बायपेक्षा चार-पाच महिन्यांनीच मोठा, अंगणभर धावतो, पडतो, उठतो. रमिला त्याच्याकडे बघत होती आणि मग बघायचं टाळत होती. जानीबाईच्या ते लक्षात आलं. "चल रे, घरी चल," करून त्याला घेऊन लवकर गेली.

बाय माझ्याकडे आली. आधी रडली, मग माझ्या मिशा ओढल्या. वजन भरलंय. डोळे सगळीकडे फिरतात, हाक मारली की वळते. पण पायांवर भार देत नाही. उभं केलं की गुडघे दुमडते. अकरावा महिना.

११ नोव्हें., सोम.

सकाळी अंगणात खाट टाकली होती. ऊन कोवळं. बाय चटईवर. रमिला नाचणीची पेज भरवत होती, जयेश शेजारी, शांती सूप घेऊन दाराशी. मी विळ्याला धार लावत होतो.

बाय रांगत खाटेपाशी गेली. खाटेची दोरी धरली. ओढली. एक गुडघा वर, मग दुसरा. आम्ही कोणीच हललो नाही. रमिलाच्या हातातला चमचा तसाच. बाय उभी राहिली. दोन्ही पायांवर, डुलत, खाटेवर पोट टेकून, आणि आमच्याकडे वळून हसली.

आणि धपकन खाली बसली.

"ध. होता ना?" शांती म्हणाली. "आत्ता? भांडी वाजली ना?"

जयेश म्हणाला, "मला नाय जाणवला."

माझ्या पायाखालून काहीतरी गेल्यासारखं वाटलं. पण वर्षभर मला तसं रोजच वाटतं, बसलो असताना, बसमध्ये, देवाजवळही. मी पत्र्याकडे बघितलं. पत्रा स्थिर होता. कुत्रं झोपलेलं होतं, पण ते म्हातारं झालंय.

"होता की नाय, बाबा?" रमिलाने मला विचारलं.

मी म्हटलं, "माहीत नाही, पोरी."

तिने चमचा खाली ठेवला. बायला काखेत धरून उचललं, पुन्हा खाटेपाशी उभं केलं, तिची बोटं एक एक करून दोरीभोवती गुंडाळली. आणि आपले हात काढून घ्यायच्या आधी आमच्या प्रत्येकाकडे बघितलं, की कोणी हलू नका.